भोंग्याआधीचा काळ : पाळीपूर्व श्रम आणि श्रमकथनाचा आरंभ

श्रमविषयक साहित्याचा विचार आपल्याकडे बहुधा शोषण, संघर्ष, संघटना आणि वर्गजाणीव या संज्ञांच्या आधारे झाला आहे. कामाच्या काळाची हद्द नेमकी कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात त्या हद्दीच्या अलीकडच्या एका अरुंद पट्ट्याचा विचार करावयाचा आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी कामगार जो वेळ कामासाठीच खर्च करतो, परंतु ज्याचा मोबदला त्याला मिळत नाही, त्याला येथे ‘पाळीपूर्व काळ’ असे म्हटले आहे. कपडे बदलणे, हत्यारे पुसून ठेवणे, यंत्राला तेल देणे, फाटकाशी ताटकळणे, खाणीच्या तोंडापासून कोळशाच्या थरापर्यंत जाणे, संगणक सुरू होईपर्यंत थांबणे, हे सारे त्यात येते. कादंबरीत किंवा आत्मकथनात असे वर्णन आले की आपण त्याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो आणि पुढे जातो. हे वाचन अपुरे आहे, कारण पुष्कळ वेळा ते वातावरण नसून श्रमाचाच हिशोब असतो. हजेरीपटाला जो ठेवता आला नाही तो हिशोब.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. गिरणगावाच्या मराठीने कामाच्या काळासाठी बारकाव्याचे शब्द घडवले. ‘पाळी’ हा शब्द शेतीतून आणि पाणीवाटपातून गिरणीत आला. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ हा नेमका शब्द आहे. नेमणुकीच्या माणसाऐवजी उभा राहणारा तो ‘बदली’. जादा वेळेला ‘ओव्हरटाइम’ हा उसना शब्दही लवकरच घरचा झाला. म्हणजे न भरलेल्या वेळाला शब्द आहे, जादा भरलेल्या वेळाला शब्द आहे. पण भरलेल्या आणि न मोजलेल्या वेळाला नाही. ‘तयारी’ हा शब्द त्या जागी चालत नाही, कारण तयारी ही माणसाची स्वतःची, खाजगी बाब आहे असे तो शब्द सुचवतो. हद्द दाखवणारा शब्द मात्र अनेक भाषांत ठसठशीत आहे. मराठीत ‘भोंगा’, हिंदीत ‘भोंपू’, बंगालीत कारखान्याचा ‘भोँ’ : सारे ध्वन्यनुकारी, सारे दचकवणारे. मराठीबाहेरील विद्यार्थ्यांना ‘भोंगा’ समजावून सांगावा लागत नाही. ‘खाडा’ मात्र समजावून सांगताना पुरेसा वेळ जातो, आणि मग त्याच्या उलट बाजूला शब्द का नाही, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात.

या हद्दीवरचा झगडा नवा नाही. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरील प्रदीर्घ प्रकरण आहे. त्यात इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांच्या अहवालांचा सढळ उपयोग केलेला आढळतो. १८५६ च्या एका अहवालात निरीक्षकाने सरळ बेरीज मांडली आहे. सकाळी सहाच्या आधी पाव तास, संध्याकाळी सहानंतर पाव तास, न्याहारीच्या आणि जेवणाच्या सुटीतून दोन्ही टोकांची काही मिनिटे, शनिवारची थोडी कमी. मिळून आठवड्याला ५ तास ४० मिनिटे आणि वर्षाला सुमारे २७ कामाचे दिवस. निरीक्षकांच्या या रुक्ष गद्याचे साहित्यिक मोल अजून पुरते ओळखले गेलेले नाही असे मला वाटते. मिनिटांची चोरी ही कल्पना त्यांनी रूपक म्हणून नव्हे, तर फिर्याद म्हणून मांडली.

विसाव्या शतकात हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत पोहोचला. मिशिगनमधील एका कुंभारकामाच्या कारखान्यात कामगार हजेरीच्या घड्याळात कार्ड छापून मग आपापल्या जागी चालत जात, एप्रन बांधत, यंत्रे सुरू करून ठेवत. पगार मात्र ठरल्या ठोक्यापासून. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा वेळ, तो अगदीच क्षुल्लक नसेल तर, कामाचा वेळ मानला. त्यानंतर दाव्यांचा असा पूर लोटला की पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ‘पोर्टल-टु-पोर्टल’ कायदा करून जाण्या-येण्याचा वेळ आणि कामाआधीची ‘प्राथमिक’ कामे वेतनातून वगळली. ‘पोर्टल’ म्हणजे येथे खाणीचे तोंड. वादाचा उगम खाणकामगारांच्या भुयारातील प्रवासातून झाला होता. पुढे १९५६ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल हाताळणाऱ्या बॅटरी-कामगारांचे कपडे बदलणे व आंघोळ करणे हा कामाचा अविभाज्य आणि अपरिहार्य भाग ठरला. तर २०१४ मध्ये गोदामातील कामगारांना पाळी संपल्यावर अंगझडतीसाठी रांगेत थांबावे लागते, तो वेळ तसा नाही असा निर्णय झाला. पाळीची दोन्ही टोके एकाच कसोटीने तपासली जातात आणि कसोटी एकच असूनही उत्तरे फिरत राहतात.

‘अविभाज्य की केवळ प्राथमिक?’ हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची १९ अंगे सांगितली आहेत आणि त्यांतील पहिली ९ पडद्याआडची आहेत. वाद्ये मांडणे, गायकांनी आपल्या जागी बसणे, वाद्ये जुळवणे, हात साधून घेणे, या प्रत्येकाला प्रत्याहार, अवतरण अशी स्वतंत्र नावे आहेत. प्रेक्षकाला यातले काही दिसत नाही. तरीही शास्त्रकाराने ते प्रयोगाचे अंग मानले. मराठी कीर्तनाने ‘पूर्वरंग’ हा शब्द वेगळ्या अर्थाने घेतला, पण तेथेही पूर्वरंगाविना कीर्तन पुरे होत नाही. नटाच्या तयारीला जी प्रतिष्ठा आपल्या काव्यशास्त्राने दिली, ती विणकराच्या तयारीला देण्याची गरज कोणालाच भासली नाही. तुलना थोडी ताणलेली आहे हे मान्य. पण मोजण्याजोगे काय, हे मोजणारा ठरवतो, एवढे तिच्यातून दिसते.

आता कादंबरीकडे वळू. एमिल झोलाची ‘जर्मिनाल’ ही १८८५ साली ग्रंथरूपाने आलेली कादंबरी संपाची कादंबरी म्हणून शिकवली जाते. परंतु तिच्या पहिल्या भागातील दुसरे प्रकरण संपूर्णपणे पाळीपूर्व काळाचे आहे. पहाटेचे चार वाजतात. माहू कुटुंबातील पंधरा वर्षांची कात्रीन घड्याळाचे ठोके मोजत उठते, मेणबत्ती लावते, भावांना उठवते, खाली जाऊन विस्तव फुलवते. ताजी कॉफी नाही म्हणून कालच्याच चोथ्यावर गरम पाणी ओतते. खाणीत न्यायच्या पावांच्या जोड्या बांधते. हे सर्व झाल्यावर ती स्वतः खाणीत उतरते, कारण तीही तेथे कोळशाच्या गाड्या ढकलणारी कामगार आहे. त्याच पहाटे आई, सकाळच्या खर्चाला काय उरले याचा घोर करत, अंथरुणातून बोलत राहते. घरातले म्हातारे आजोबा रात्री काम करून दिवसा झोपतात, त्यामुळे बिछाना कधी थंड होत नाही. पुढच्या प्रकरणात दिव्यांची खोली, शेकोटीपाशी ताटकळणे आणि पिंजऱ्याची वाट पाहणे येते. कोळशाला पहिला घाव बसेपर्यंत वाचकाने बरीच पाने ओलांडलेली असतात, आणि त्यांतल्या एकाही मिनिटाला खाणकंपनीच्या लेखी किंमत नाही.

झोलाने याच धाग्यातून संपाचे कारण विणले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावणे हे कोळसा खणण्याआधीचे आवश्यक काम आहे. मजुरी मात्र गाडीमागे मिळते. म्हणून खाणकामगार टेकू लावण्यात कुचराई करतात, कंपनी दंड करते, आणि अखेर टेकूंची मजुरी वेगळी देण्याच्या निमित्ताने गाडीचा दर ५० सांतीमवरून ४० वर आणते. ठिणगी पडते ती येथे. उक्त्या मजुरीत पाळीची हद्द फाटकावर राहत नाही, ती पाळीच्या आत शिरते; मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या आधीचे सारे काम ‘तयारी’ ठरते आणि फुकट जाते. आणि त्या फुकट गेलेल्या तयारीवरच माणसाचा जीव अवलंबून असतो. टेकू कमी पडला तर छत येते.

जॉर्ज ऑर्वेलने १९३७ च्या ‘द रोड टु विगन पिअर’मध्ये हीच गोष्ट वार्तांकनाच्या शैलीत मोजून दाखवली. साडेसात तासांची पाळी ऐकायला फार वाटत नाही. पण खाणीच्या तळापासून थरापर्यंत वाकून, रांगत जाण्या-येण्याचा एक ते तीन तासांचा प्रवास त्यात धरलेला नाही, आणि त्याचे पैसेही नाहीत. स्वतः ते अंतर वाकून पार केल्यावर लेखकाच्या मांड्यांची जी गत झाली, तीच त्याच्या युक्तिवादातील मुख्य पुरावा आहे. झोला घरातून सुरुवात करतो, ऑर्वेल भुयारातून. म्हणूनच कात्रीनची कॉफी ऑर्वेलच्या मोजमापात येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांकडे येताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. गिरणगावात पहिल्या-दुसऱ्या पिढीतील जे दलित कामगार आले, त्यांच्यामागे वतनी कामाचा अनुभव होता. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याखालील महार वतनात कामाचे तास ठरलेले नव्हते. वतनदार हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला कामाला लावले जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हे हद्दहीन काम होते. जेथे संपूर्ण दिवस-रात्रच कामाची, तेथे ‘कामाआधीचा वेळ’ ही कल्पनाच संभवत नाही. तो काळ निर्माण होतो तो पाळीबरोबर, घड्याळाबरोबर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रमखाते सांभाळताना आंबेडकरांनीच कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणणारी दुरुस्ती पुढे नेली, याकडे या दृष्टीने पाहावे. वेठीतून पाळीत येणे ही मुक्ती होती. तरीही पाळीची रेघ फाटकाच्या आत आखली गेली, आणि फाटकाबाहेर जे उरले त्याला पुन्हा मोल उरले नाही.

या रेघेचा इतिहास तासांच्या आकड्यांत दिसतो. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक हद्द नाहीशी झाली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तास, १९२२ च्या कायद्याने ११ तास, १९३४ च्या कायद्याने १० तास, आणि १९४६ पासून ९ तास ही मर्यादा आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच पुढे चालवली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. या अधिनियमाचे कलम ४३ मोठे बोलके होते. कामाच्या वेळी न घालायचे कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळवण्यासाठी जागा असावी, असा नियम करण्याची मुभा त्याने राज्य सरकारांना दिली. कपडे ठेवायला जागा मिळाली. ते बदलायला लागणाऱ्या वेळाविषयी त्या कलमात एक अक्षर नव्हते.

बदली कामगाराची स्थिती याहून वेगळी. १९३५ मध्ये मुंबईत बदली नियंत्रण योजना सुरू झाली. जॉबरच्या मर्जीवर आणि त्याला द्याव्या लागणाऱ्या चिरीमिरीवर चालणारी भरती आटोक्यात यावी, हा तिचा एक हेतू होता. निवडलेल्या बदल्यांना कार्डे मिळाली आणि रोज सकाळी गिरणीत हजर राहण्याचे बंधन आले. काम मिळाले तर दिवस भरला. न मिळाले तर आंघोळ, डबा, चालणे आणि ताटकळणे सारे वाया. कायम कामगाराचा पाळीपूर्व काळ पाळीला जोडलेला असतो. बदलीच्या वाट्याला पाळीविनाही तो काळ येतो. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास वाचताना या थराकडे वेगळे लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते.

आणि या साऱ्यामागे चूल होती. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले गाळेकरी एका खोलीत पाळीपाळीने झोपत. माहूंच्या न थंडावणाऱ्या बिछान्याला लालबाग-परळमध्ये समांतर शोधावे लागत नाही. त्यांचे जेवण खानावळवाल्या बायका करीत. पहिल्या पाळीचा डबा भोंग्याआधी तयार हवा, म्हणजे तो रांधणारीची ‘पाळी’ त्याआधी काही तास सुरू झालेली असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायकांना सावकारी कर्जाच्या जाचातून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हे काम प्रथमच ‘काम’ म्हणून नोंदीवर आले असे म्हणता येईल. मराठी श्रमकवितेत भोंगा फार ऐकू येतो. नारायण सुर्व्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी रस्त्याला आणि कारखान्याला कवितेत हक्काची जागा दिली. पण भोंग्याआधीची चूल आपल्या कवितेत, काही अपवाद वगळता, आईच्या मायेची खूण म्हणून येते, श्रमाचा प्रारंभ म्हणून येत नाही. कात्रीनसारखी, चूल पेटवून स्वतः पाळीला जाणारी स्त्री रीळ आणि वाइंडिंग खात्यांत शेकड्यांनी होती. तिची पहाट लिहिणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात तरी नाही.

वेतनाचा कायदा फाटकापाशी थांबतो. नुकसानभरपाईचा कायदा मात्र थांबत नाही. कामामुळे व कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई ठरवताना भारतीय न्यायालयांनी सेवाकाळाचा ‘कल्पित विस्तार’ हे तत्त्व मान्य केले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सौराष्ट्रातील मिठागराच्या कामगारांचे प्रकरण आले. खाडी ओलांडताना होडी उलटून ते बुडाले होते. स्थळ आणि काळ या दोन्ही बाबतींत सेवेचा विस्तार कल्पिता येतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्या होडीपर्यंत तो पोहोचत नाही, असे ठरवले. १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचालकाच्या विधवेच्या प्रकरणात मात्र तो पोहोचला : काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना झालेला मृत्यू बहुमताने सेवेच्या ओघातील ठरला. २०१० च्या दुरुस्तीने कर्मचारी राज्य विमा कायद्यातही घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघात काही अटींवर समाविष्ट झाला. तात्पर्य, तोच रस्ता, तीच वेळ. माणूस जिवंत पोहोचला तर ती त्याची खाजगी बाब, वाटेत मेला तर ती कामाची. साहित्याच्या अभ्यासकांनी ‘कल्पित’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. न्यायशास्त्राला जो काळ मान्य करण्यासाठी कल्पिताचा आधार घ्यावा लागतो, तो कादंबरीने साध्या वास्तववादी वर्णनाने नोंदवलेला असतो.

ही सारी चर्चा बंद पडलेल्या गिरण्यांपुरती नाही. चेतन भगत यांच्या २००५ मधील कॉल सेंटरवरील इंग्रजी कादंबरीत पात्रांना घ्यायला येणारी गाडी ही कामाच्या रात्रीची पहिली जागा आहे. कादंबरी म्हणून तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, परंतु हद्द कोठे आहे हे तिने अचूक पकडले. ज्या देशातील ग्राहकांसाठी ही पात्रे रात्र जागवतात, त्या अमेरिकेत अपील न्यायालयांनी २०२१ आणि २०२२ मध्ये कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांचा संगणक सुरू करण्याचा वेळ हा कामाचा अविभाज्य भाग मानला. यांपैकी पहिल्या प्रकरणात वाद दर पाळीमागे सुमारे दोन मिनिटांचा होता. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. वर्गातील तास मोजला जातो. त्या तासासाठी रात्री काढलेली टिपणे, चाळलेली पुस्तके, या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात केलेला लोकलचा प्रवास, काहीच मोजले जात नाही. या खंडाच्या वाचकांतही असे काही जण असतील.

पाळी मुळातच नाहीशी झाली तर काय होते, हे जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरचे गिरणगावातील घर हेच त्याचे स्थळ. झोलाच्या घरात सर्वजण कामासाठी उठतात. या घरात माणसे कशाची तरी वाट पाहत असतात आणि तिच्या पलीकडे भोंगा नाही. या दोन घरांचे तौलनिक वाचन संप हा विषय घेऊन पुष्कळदा सुचवले जाते. ते काळाच्या अंगाने केले तर अधिक फलदायी ठरेल.

एक वाङ्मयप्रकार मात्र असा आहे की जो या काळाविषयी नाही, तर या काळातच निर्माण झाला. जात्यावरची ओवी. शेतावर, रोजगारावर जाण्याआधी, घर उठण्याआधी, पहाटेच्या अंधारात दळताना ती गायली गेली. तिची लय दळणाची आहे. खुंट्याच्या फेऱ्याने तिचा चरण तोलला जातो. येथे तयारी आणि रचना वेगळ्या काढता येत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयाने त्या क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ओवीचा अभ्यास आपण स्त्रीगीत, लोकसाहित्य, सासर-माहेर या शीर्षकांखाली करतो. जगातील श्रमसाहित्याशी तिची तुलना करावयाची तर तिला पाळीपूर्व काळाची कविता म्हणून वाचावे लागेल. विजेवर चालणारी दळणाची चक्की गावात आली तेव्हा तिलाही मराठीने ‘गिरणी’ हेच नाव दिले. त्या गिरणीने बाईची पहाट मोकळी केली आणि ओवीही थांबली. संग्राहक पोहोचले तेव्हा अनेक घरांत जाते कोपऱ्यात उभे होते, आणि ओवी आठवावी म्हणून बाया ते पुन्हा मांडून, मूठभर धान्य घालून बसत.